डिकीतला जावई

आमच्या नव्या गाडीत बसल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मागे काही सुटं ठेवलंय का?"

ऑकलंडच्या विमानतळावरून आम्ही हॅमिल्टनला निघालो होतो. दोन विमानं बदलून, अख्खी रात्र बसून काढून आलेल्या बाईने खिडकीबाहेर बघावं, हिरव्या कुरणांचं आणि गाईंचं कौतुक करावं, निदान डोळे तरी मिटावेत. पण एक्स्प्रेसवेला लागून जेमतेम थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात त्यांनी मान तिरकी केली, जरा वेळ तशीच ठेवली आणि हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, तुमच्या बॅगा आहेत. त्या म्हणाल्या, बॅगांचा नाही हा, प्लॅस्टिकचा आवाज आहे. मी म्हटलं, आई, गाडी नवी आहे. त्यावर त्या "हो का" म्हणाल्या. त्या पुण्याच्या आहेत, मीही पुण्याचा आहे. ते "हो का" म्हणजे काय ते मला कळलं.

गाडी खरंच नवी होती. या देशात आल्यापासून मी फक्त जपानहून आलेल्या जुन्या गाड्या वापरल्या होत्या. त्यांच्यात सगळंच वाजायचं, त्यामुळे काहीच ऐकू यायचं नाही. ही पहिली शोरूममधून घेतलेली, निम्मी बॅटरीवर चालणारी, सिग्नलला उभी राहिली की बंद पडली की काय अशी शंका यावी इतकी शांत गाडी. त्या शांततेचे पैसे मोजले होते. आणि सासूबाईंनी विचारण्याआधी मला तो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. विचारल्यानंतर मात्र दुसरं काही ऐकू येईना. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक-टिक. घड्याळासारखा नियमित असता तरी सवय झाली असती. हा आपल्याला विसर पडायची वाट बघायचा.

माझं आणि सासूबाईंचं नातं तोवर अगदी चांगलं होतं, म्हणजे आम्ही फारसे बोलत नसू. जेवलात का, तब्येत कशी आहे, तिकडे थंडी किती आहे, आणि "थांबा हं, तिला देतो", एवढ्या वाक्यांवर आमची सगळी वर्षं निघाली होती. बोलायचे ते सासरे. ते गेले त्याला दीड वर्ष होत आलं होतं. त्यानंतर सासूबाई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या आणि आपलं उत्तम चाललंय असं सांगत होत्या. बायकोने शेवटी तिकीटच काढून पाठवलं.

आता बायको आहे हॉस्पिटलमध्ये नर्स, तीही आयसीयूत. तिच्या ड्युट्या अशा की ती घरी असते तेव्हा झोपलेली असते. मुलगी नऊ वर्षांची, ती दिवसभर शाळेत. मी सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कामातल्या चुका शोधून दाखवतो आणि आठवड्यातले बहुतेक दिवस घरूनच काम करतो. त्यामुळे हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या आमच्या घरात दिवसभर उरलो मी आणि सासूबाई. आम्हाला दोघांना मिळून बोलायला एकही विषय नव्हता. हा आवाज सोडून.

पहिल्या आठवड्यात मी बायकोला गाडीत बसवून तो आवाज ऐकवायचा प्रयत्न केला. ती प्रामाणिकपणे कान देऊन बसली. गोल चौकातून गाडी वळली, टिक-टिक झालं, मी विजयाने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, कुठे काय? तिचंही बरोबर होतं. बारा तास यंत्रांचे भोंगे ऐकून आलेल्या माणसाला, ज्या आवाजाने कोणी मरत नाही तो आवाजच वाटत नाही. तिने गाणी लावली, आवाज वाढवला आणि म्हणाली, "झालं. दुरुस्त." मागच्या सीटवर सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. आपल्या बाजूला कोणीतरी आहे असं मला त्या घरात पहिल्यांदा वाटलं.

मग मी गाडी शोरूमच्या वर्कशॉपला नेली. सासूबाई बरोबर आल्या. मी न विचारताच आल्या, कारण आवाज त्यांचा होता. तिथल्या मेकॅनिकने मला शेजारी बसवून मोठी चक्कर मारली. खडबडीत रस्त्यावरून नेली, उंचवट्यावरून नेली, ब्रेक मारून पाहिले. गाडी देवळात बसल्यासारखी गप्प. त्याने सौम्यपणे विचारलं की आवाज साधारण कसा असतो, आणि मी, एवढा शिकलेला माणूस, त्याला तोंडाने टिक-टिक करून दाखवलं. तो म्हणाला, "काँट फॉल्ट इट, मेट." म्हणजे दोष काही सापडत नाही. त्यांनी गाडी धुऊन परत दिली. तिथून निघून दुसऱ्याच गोल चौकात ती बोलली. टिक.

सासूबाई हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. पर्समधून रुमाल काढून डोळे पुसावे लागले त्यांना. म्हणाल्या, ही लहान असताना अशीच करायची, रात्रभर तापाने फणफणायची आणि दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की ठणठणीत. ही म्हणजे माझी बायको. मीही हसलो. आणि गाडी घराच्या ड्राइव्हवेत लावल्यावर आम्ही दोघं न ठरवता तसेच बसून राहिलो आणि आता पुढे काय करायचं यावर बोलू लागलो.

मी म्हटलं, माझ्या धंद्यात पहिला नियम असा की चूक हवी तेव्हा घडवून आणता आली पाहिजे. ती घडवता आली की निम्मं काम झालं. सासूबाई म्हणाल्या, आधी गाडी रिकामी करा. पसाऱ्यात काय शोधणार?

म्हणून आम्ही गाडी रिकामी केली. आठ महिन्यांच्या गाडीतून जे निघालं ते पाहून मला लाज वाटली. एका पायाचं जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, निघालं, मुलीचे मागच्या उन्हाळ्यातले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, निघाले, ते पिशवीत वाळून पापडासारखे झाले होते. सीटखालून फेजोआ निघाले. इथे शरद ऋतूत ज्याच्या त्याच्या झाडाला फेजोआ इतके लागतात की लोक फाटकाशी खोकी भरून ठेवतात, न्या म्हणून. आम्हीही आणतो आणि निम्मे गाडीत सांडतो. सासूबाईंनी एक फेजोआ हुंगून पाहिला, पेरूचा चुलतभाऊ दिसतोय म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. सगळं काढून, झाडून, आम्ही चक्कर मारायला निघालो. आवाज आता जास्त स्पष्ट येत होता. अडवायला काही राहिलंच नव्हतं ना.

मग आमचा एक रिवाजच पडला. दुपारी माझ्या मीटिंगा संपल्या की सासूबाई स्वेटर घालून दाराशी तयार. मी गाडी चालवायची, त्यांनी मागे बसून हात लावत जायचं. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्या एकेका पॅनेलवर तळवा ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. हातात आवाज लागतो, म्हणायच्या. मी टिंगल करायचं मनात आणेपर्यंत त्यांनी पहिला चोर पकडला. मागच्या मधल्या सीटचा पट्टा कोणी वापरत नव्हतं. त्याचं बक्कल लोंबकळत कडेच्या प्लॅस्टिकवर आपटत होतं. त्यांनी त्यांच्या जुन्या सुती साडीचा तुकडा त्याला गुंडाळला. गोधडीसाठी म्हणून त्या साड्या आणल्या होत्या. आवाज गेला. आम्ही इतके खूष झालो की घरी जाताना डेअरीवर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, थांबून आइस्क्रीम घेतलं, थंडी असूनही.

दुसऱ्या दिवशी बक्कलाच्या मागे लपलेला आवाज बाहेर आला. तो जरा बारीक होता. तो निघाला डोक्यावरच्या चष्मा ठेवायच्या कप्प्यात. मुलीने त्यात केसांची क्लिप टाकली होती. ती काढली तर तिच्या मागे आणखी एक. बहुतेक आवाज सुरुवातीपासून रांगेत उभे होते आणि पुढचा गेल्याशिवाय मागच्याला बोलता येत नव्हतं. साडीचे तुकडे वाढत गेले. दारांच्या खाचांत, कप्प्यांच्या झाकणांखाली, नंबरप्लेटच्या मागे. आमची गाडी बाहेरून काळी होती आणि आतून हळूहळू जांभळ्या नारायणपेठीची होत चालली होती. बायको एकदा घाईत गाडी घेऊन गेली आणि ड्युटीवरून आल्यावर तिने एवढंच विचारलं की दाराच्या फटीतून आईची साडी का डोकावते आहे.

एवढं करून मूळ आवाज, तो विमानतळावरून निघताना ऐकलेला, होताच. सकाळी गारठ्यात जास्त, दुपारी उन्हात कमी. तो मागून यायचा, इतपत आमचं एकमत होतं. शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्य घरामागच्या शेडमध्ये यंत्रं खोलण्यात काढलेले. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि एक्झॉस्टवरचा पत्रा असणार म्हणाले. तो पत्रा आम्ही धरून हलवला, तो हूं की चूं करेना. ऑफिसमधला एकजण म्हणाला सस्पेन्शन. ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

एका दुपारी बरंच फिरून काही हाती लागलं नाही. घराशी गाडी बंद करून आम्ही बसलो होतो. मी सहज विचारलं की तुम्हाला हे इतकं बारीक ऐकू कसं येतं. त्या म्हणाल्या, पूर्वी नव्हतं येत. "घरात दुसरं कोणी नसलं की सगळं ऐकू येतं हो. फ्रिज चालू झाला, बंद झाला, तेही कळतं." मग त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे गाडी होती, सासऱ्यांच्या आजारपणात त्याच चालवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी कर्वे रस्त्याच्या गर्दीतून हॉस्पिटल आणि परत. ते शेजारी बसून वाट चुकलीस म्हणायचे आणि ती कधी चुकलेली नसायची. ते गेल्यावर महिन्याभरात त्यांनी गाडी विकून टाकली. कुठे जायचं होतं, म्हणाल्या.

मी म्हटलं, डावीकडचा मागचा दरवाजा आपण नीट पाहिलेला नाही. त्या म्हणाल्या, नाही पाहिलेला, चला.

डिकीची कल्पना नेमकी कोणाची यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. मला आठवतं त्याप्रमाणे मी म्हटलं की आवाज मागून येतो, तर कोणीतरी डिकीत आडवं होऊन ऐकायला पाहिजे. आणि त्या म्हणाल्या, मग व्हा की. मी म्हटलं, गाडी कोण चालवणार? त्यांनी पर्स उघडून आपलं लायसन्स काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

रविवार सकाळ होती. बायको ड्युटीवर होती, हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं पण सोयीचं होतं. जवळच खेळाची मैदानं आहेत. शनिवारी तिथे पोराबाळांच्या सामन्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, रविवारी तिथलं पार्किंग ओसाड असतं आणि गाड्या हळू जाव्यात म्हणून त्यात चांगले उंच उंचवटे घातले आहेत. मी गाडी तिथे नेली. मुलीला तिची पायाने ढकलायची स्कूटर देऊन कडेच्या गवतावर उभं केलं आणि इथून हलायचं नाही असं बजावलं. सासूबाई पुढे बसल्या, सीट सरकवली, आरसे लावले, पदर खोचला, आणि विचारलं की ही सुरू झाली हे ओळखायचं कसं. मी समजावलं. मग मागे जाऊन डिकीत शिरलो, गुडघे पोटाशी घेतले, वरचं कापडी झाकण ओढून घेतलं आणि दार आतून खेचून लावलं. ठरलं असं होतं की आवाज आला तर मी आतून दोनदा ठोकायचं आणि थांबायचं असेल तर एकदा.

पहिल्या उंचवट्यावर आवाज आला. आणि काय आला. इतके दिवस लांबून ऐकलेला तो, माझ्या कानापासून हातभर अंतरावर, अगदी खणखणीत. मी आनंदाने दोनदा ठोकलं. दुसऱ्या उंचवट्यावर पुन्हा. सासूबाईंना हात बसू लागला असावा, कारण तिसऱ्यावर गाडी जरा उडालीच. मी आत जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. त्यानंतर आवाज बंद. पूर्ण फेरी झाली, एकदाही नाही. मी थांबवायला म्हणून एकदा ठोकलं. त्या थांबल्या नाहीत. पुन्हा ठोकलं, त्यांनी ते दोन धरले आणि आणखी एक फेरी घेतली. मग मी बराच वेळ ठोकत राहिलो.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर मुलीकडून कळलं. एक बाई कुत्रा फिरवत तिथे आली होती. तिला दिसलं ते एवढंच : ओसाड पार्किंगमध्ये एक साडी नेसलेली वयस्कर बाई शांत चेहऱ्याने गाडी गोल-गोल फिरवते आहे आणि गाडीच्या डिकीतून कोणीतरी धाड-धाड ठोकतं आहे. तिने गवतावर एकटं उभ्या असलेल्या मुलीला विचारलं की सगळं ठीक आहे ना. आमची मुलगी मराठी सगळं समजते पण बोलते इंग्रजीच. आणि इथे डिकीला बूट म्हणतात. तिने खरं ते सांगितलं.

"बाबा इज इन द बूट. आजी पुट हिम देअर."

बाईने फोन लावला. पोलीस बहुधा कोपऱ्यावरच होते. मला आतून गाडी थांबलेली कळली, दुसऱ्या गाडीचं दार वाजलेलं कळलं, आणि मग एका बाईचा आवाज आला. "किया ओरा," तिने माओरीत नमस्कार केला आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं की मॅम, तुमच्या डिकीत कोणी आहे का.

"येस," सासूबाई म्हणाल्या. "माय सन-इन-लॉ."

मग त्या बाईने विचारलं की तो तिथे काय करतो आहे.

"ही इज लिसनिंग."

डिकी उघडली. उजेडात डोळे किलकिले करत मी पाहिलं तर एक तरुण पोलीस बाई, तिच्यामागे कुत्र्यासह ती दुसरी बाई आणि तिच्यामागे स्कूटर घेऊन उभी असलेली, हे सगळं फारच मजेशीर आहे असं वाटणारी माझी मुलगी. मी उठायचा प्रयत्न केला, पाय झोपले होते. त्यामुळे मी डिकीत पडल्यापडल्याच सगळी हकीकत सांगितली, विमानतळापासून. पोलीस बाईने मी माझ्या मर्जीने आत गेलो होतो का हे दोनदा विचारलं, तेही मला सासूबाईंपासून जरा बाजूला नेऊन. मी हो म्हटलं. मग तिने समजावून सांगितलं की हे पार्किंग रिकामं असलं तरी ते रस्त्यातच मोडतं, चालत्या गाडीत डिकीत माणूस ठेवता येत नाही आणि या वेळी ती फक्त समज देते आहे. मी मान डोलावली. सासूबाईंचं लायसन्स तिने उलटंपालटं करून पाहिलं, त्यात काही खोट नव्हती.

मग निघता-निघता तिने हळूच विचारलं की आवाज नेमका कसा आहे. तिच्या स्वतःच्या गाडीतही एक आहे, डाव्या बाजूला कुठेतरी, आणि तिचा नवरा म्हणतो तुला भास होतो.

सासूबाई पुढे झाल्या. "नो," त्या ठामपणे म्हणाल्या. "देअर इज अ साउंड." आणि त्यांनी तिला तळवा कसा ठेवायचा ते आमच्या गाडीच्या दारावर ठेवून दाखवलं. ती गणवेशातली बाई डोळे मिटून आमच्या बंद गाडीवर हात ठेवून उभी राहिली. कुत्रा घेऊन आलेल्या बाईला आता फार अवघडल्यासारखं झालं होतं, ती पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. सासूबाईंनी तिला सांगितलं की सॉरी अजिबात म्हणू नका, माणूस डिकीत दिसला तर कळवायलाच पाहिजे, आमच्याकडे कोणी कळवत नाही.

घरी येताना गाडी मी चालवली आणि येताना पुन्हा तो आवाज, जणू मधे काही घडलंच नाही. चहा टाकला. मी वैतागून म्हटलं, काही कळत नाही, मी आत होतो तर पहिल्या दोन उंचवट्यांवर आला आणि मग गायब. त्यांनी विचारलं, तिसऱ्यावर तुम्ही काय करत होतात?

"जीव मुठीत धरून पडलो होतो."

"ते झालं. हात कुठे होते?"

हात? मी आठवून पाहिलं. डिकीच्या दाराला आतून ओढायला एक खाच असते. त्या खाचेत बोटं अडकवून मी दार स्वतःकडे खेचून धरलं होतं. शेवटपर्यंत सोडलं नव्हतं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवून बाहेर गेलो. डिकीच्या दाराला खालच्या दोन कोपऱ्यांत रबराची बोंडं असतात. दार बंद झालं की ती चौकटीवर टेकतात आणि दार हलत नाही. उजवीकडचं बोंड टेकतच नव्हतं. कारखान्यात कोणीतरी ते जरा जास्तच आत पिळलं असणार. दार बंद असूनही तेवढ्या केसभर जागेत प्रत्येक खड्ड्याला हलत होतं. मी बोंड बोटांनी बाहेर पिळलं. सासूबाई म्हणाल्या, अजून थोडं. आणखी थोडं पिळलं. दार लावलं, ते आता वेगळ्याच भारदस्त आवाजात लागलं. आम्ही सगळ्या वाईट रस्त्यांवरून जाऊन आलो. काही नाही.

मला वाटलं होतं, आम्ही दोघं आनंदाने उड्या मारू. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंगा संपल्या तर सासूबाई सवयीने स्वेटर घालून दाराशी उभ्या, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. मी म्हटलं, साडीचे तुकडे काढून घेऊ या का, आता गरज नाही. आम्ही ते काढायला बसलो आणि काढताना बराच वेळ लावला.

इकडे बायकोला सगळं कळलं होतं. आम्ही सांगणार नव्हतो, पण मुलीने जेवताना "मम, द पोलीस केम" अशी सुरुवात केली आणि काही शिल्लक ठेवलं नाही. बायको जेवायची थांबली. आधी आईला म्हणाली की तुझा इन्शुरन्स आजारपणाचा आहे, अटकेचा नाही. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता तासभर तरी चालेल.

"तू डिकीत का गेलास ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "आईला गाडी द्यायचीच होती तर नीट रस्त्यावर द्यायची ना."

सासूबाईंनी ताटातून मान वर केली नाही, पण त्या ऐकत होत्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही रॅगलनला समुद्रावर गेलो. शहराबाहेर पडेपर्यंत मी चालवली, मग एका रुंद जागी थांबून सासूबाई पुढे आल्या, बायको त्यांच्या शेजारी आणि मी मुलीबरोबर मागे. रस्ता डोंगरातून वळणावळणाचा. शंभरची परवानगी आहे, सासूबाईंनी साठच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. आमच्यामागे हळूहळू रांग लागली, त्यात टपावर सर्फबोर्ड बांधलेल्या गाड्या होत्या, मागे उघडा हौदा असलेला, घोड्याचा ट्रेलर ओढणारा एक यूट होता. बायकोने सांगितलं की पुढे बाजूला घ्यायला जागा येते, तिथे जरा डावीकडे हो म्हणजे ते जातील. सासूबाईंनी खांदे ताठ करून गाडी सफाईने डावीकडे घेतली. सगळे ओळीने पुढे गेले. यूटवाल्याने जाताना दोनदा हलकेच हॉर्न दिला.

सासूबाईंचा चेहरा पडला. आमच्याकडे हॉर्न दिला म्हणजे त्याच्यापाठोपाठ शिवीही येते. "काय चुकलं माझं?"

बायको म्हणाली, "चुकलं नाही गं. थँक्यू म्हणतोय तो."

त्यांनी ते मनाशी नीट लावून घेतलं. मग गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि यूट वळणाआड दिसेनासा व्हायच्या आत त्यालाही दोनदा हॉर्न दिला. त्यानंतर रॅगलन येईपर्यंत ज्याने ज्याने ओव्हरटेक केलं त्या प्रत्येकाला. लोक हात करत गेले. मुलगी खिडकीतून सगळ्यांना हात करत होती. वळणाआधी बायको एकदाच म्हणाली की आई, पुढे उजवीकडे जायचंय, वाट चुकशील. सासूबाई म्हणाल्या, चुकत नाही मी.

समुद्रावर वाळू काळी होती आणि वारा बोचरा. आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले, सीगल्सनी त्यातले निम्मे पळवले. निघायची वेळ झाली तेव्हा मी खिसे चाचपले. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. मी मागचं दार उघडून मुलीशेजारी बसलो.